एकतीस नंबरचा सेट

१

सोमवार म्हणजे आमच्याकडे डबे परत यायचा दिवस. शनिवार-रविवारी लग्नं लागतात आणि सोमवारी दहापासून नवरीकडची माणसं लाल मखमलीचे डबे घेऊन काउंटरशी येतात. कुणाचा भाऊ, कुणाचा मामा. डोळे तांबारलेले, हाताला अजून हळद. "मोजून घ्या ताई," म्हणतात आणि स्टुलावर बसून जांभया देतात.

दुकान सफियाआपाचं. उलव्यात, बामणडोंगरी स्टेशनकडून आत आलं की डाव्या हाताला. आम्ही नवरीचे दागिने भाड्याने देतो. सगळे खोटे. आपा 'खोटे' म्हणू देत नाही. म्हणते, "गीता, इमिटेशन बोल. खोटं बोललं की गिऱ्हाईक बिचकतं."

माझं काम खोट्यातलं खरं शोधायचं. लोकांना ते उलटं वाटतं. पण लग्नात कसं असतं, चोकर, राणीहार, बाजूबंद, कमरपट्टा असलं मोठं सगळं भाड्याचं, आणि मंगळसूत्र, नथ, एखादी बांगडी घरची. संध्याकाळी बायका दमलेल्या असतात. नवरीला एका खोलीत बसवून चार हातांनी तिच्या अंगावरचं उतरवतात आणि दिसेल त्या डब्यात टाकतात. तेव्हा घरचं सोनं भाड्याच्या डब्यात येतं. आपा ते पार्टीला फोन करून परत देते. तिचं नाव त्यावरच चालतं.

हे मी आपाच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या सोनाराकडे महिनाभर बसून शिकले. "सातवी शिकलीस ना, मग पुरे," म्हणाला आणि सगळं शिकवलं. आधी वजन. तळहातावर घेतलं की सोनं आपल्या आकारापेक्षा जड लागतं. मग वास. घामेजल्या हाताने चोळलं की पितळेला वास सुटतो, सोन्याला सुटत नाही. मग कसोटीच्या दगडावर रेघ ओढायची आणि वर तेजाबाचा थेंब. खोटी रेघ निघून जाते. खरी राहते. हिऱ्याला तोंडाची वाफ द्यायची. खोट्या खड्यावर ती क्षणभर बसते. हिऱ्यावर बसते न बसते तोच गेलेली असते. अशी एक हिऱ्याची चमकी मला पनवेलच्या पार्टीच्या डब्यात सापडली होती. त्या नवरीची आई दुकानात येऊन रडली होती.

हे सगळं सांगितलं, कारण पुढचं वाचताना कुणी म्हणेल की हिला काय कळतंय. मला तेवढं एक कळतं.

२

एकतीस नंबरचा सेट नवा होता. आपाने तुर्भ्याच्या एका कारखान्यातून आणलेला. अकरा नग. पॉलिश असं की मीसुद्धा पहिल्यांदा हातात घेऊन वजन बघितलं होतं.

तुळशीच्या लग्नानंतरच्या एका सोमवारी तो पहिल्या लग्नाहून परत आला. मी नग काढून फडक्यावर मांडले. अकरा झाले आणि डब्याच्या कोपऱ्यात आणखी काहीतरी होतं.

लहान मुलाचं कडं. माझी दोन बोटं जेमतेम जातील एवढं.

हातात घेतल्याबरोबर कळलं. तरी रेघ ओढली, थेंब टाकला. रेघ जागची हलली नाही. आतल्या बाजूला हॉलमार्कचा शिक्का आणि सहा अक्षरांचा कोड. कड्याची दोन तोंडं जुळतात त्या फासाजवळ एक चपटा खळगा होता, कुठेतरी चेमटल्यासारखा.

आपाने पार्टीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"बाळाचं कडं राहिलंय तुमचं आमच्याकडे."

"कुणाच्या बाळाचं?" पलीकडची बाई म्हणाली.

"ते तुम्ही सांगायचं ना."

"आमच्यात लहान पोर नाय हो कुनाचं. सगळी दहावी-बारावीची घोडी आहेत."

"पाहुण्यांपैकी कुणाचं असेल."

"विचारते," ती म्हणाली. दोन दिवसांनी तिनेच फोन केला की सगळ्यांना विचारलं, कुणाचं नाही. आपाने कडं पाकिटात घातलं, वर तारीख लिहिली आणि परतीच्या खणात ठेवलं.

मी खण लावून टाकला. तो खळगा मी ओळखला होता, आणि ओळखलेलं मला मान्य करायचं नव्हतं.

३

माझी मुलगी क्षिप्रा, तीन वर्षांची. हे नाव तिच्या बापाने ठेवलं. माझ्या सासूला ते अजून म्हणता येत नाही. ती 'चिपरी' म्हणते, आणि आता आम्हीही कधीकधी म्हणतो.

बारशाला माझ्या आईने दहिवडीहून येताना तिला कड्यांची जोडी आणली होती. एक मी लॉकरमध्ये ठेवलं. दुसरं तिच्या उजव्या हातात असतं. मागच्या वर्षी बाथरूमच्या दारात हात अडकला तेव्हा हात वाचला, कडं चेमटलं. फासाजवळ.

त्या संध्याकाळी तिला आंघोळ घालताना मी आधी मनगटाकडे बघितलंच नाही. पाय धुतले, पाठ धुतली. मग बघितलं. कडं हातात होतं, खळगाही होता. मला हसू आलं. दोन कड्यांना सारखा खळगा पडू शकतो. दारं काय माझ्याच घरात आहेत का.

टॉवेलने हात पुसताना बोटांना वास आला. ओल्या पैशांना येतो तसा.

दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना दगड आणि तेजाबाची बाटली पर्समध्ये घालून आणली. क्षिप्रा मोबाइलवर गाणं बघत होती, तेवढ्यात तिचं कडं काढलं आणि रेघ ओढली. थेंब पडला. रेघ बघता बघता हिरवी झाली आणि गेली. मी परत ओढली. परत गेली. पाचव्यांदाही गेली, तेव्हा बाटली बंद केली.

पहिला विचार कुणाही बाईला येईल तोच आला. प्रसाद आला तेव्हा ताट वाढायच्या आधीच मी कडं त्याच्यासमोर ठेवलं.

"हे बदललंत का तुम्ही?"

"काय बदललं?"

"खरं घेऊन हे घातलंत का तिच्या हातात? काय अडचण असेल तर सांगा, मी काय बोलणार नाही."

त्याने कडं उचललं, उलटसुलट केलं. प्रसाद विमानतळाच्या कामावर स्टाफची बस चालवतो. दिवसभराच्या धुळीने त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. "गीता," तो म्हणाला, "मला खरंखोटं कळतं का? तुझ्या वाढदिवसाची अंगठी तुला न विचारता घेतली. ती पण पितळेची निघालीच ना शेवटी."

त्यावर मला हसू आलं, आणि तो खोटं बोलत नाही हेही कळलं. ते मात्र मला नको होतं. तो खोटं बोलत असता तर बरं झालं असतं.

४

कड्याची पावती माझ्याकडे होती. त्यावर कोड होता. पाकिटातल्या कड्यावर तोच कोड. आणि तिच्या हातातल्या पितळेच्या कड्यावरही तोच. खोट्यावर शिक्के मारतात, मी पाहिलेत. पण कोड मनाने काहीही टाकतात. बारशाची पावती बघून कुणी टाकत नाही.

आपाला मी तिन्ही गोष्टी काउंटरवर मांडून दाखवल्या. तिने चष्मा लावून दोनदा बघितलं.

"नवऱ्याला विचारलंस?"

"विचारलं."

"पोरीला सांभाळणारी?"

"भागीरथीकाकी? आपा, त्यांची जमीन गेली विमानतळात, मोबदला मिळाला. त्यांच्या एका हातात असतं तेवढं सोनं मी जन्मात बघितलं नाही. त्या माझ्या पोरीचं पाच ग्रॅम काढतील?"

आपाने चष्मा काढला. मग पाकीट माझ्या हातात दिलं. "तुझं आहे, घेऊन जा. कसं आलं ते नको शोधू. मिळालं ना?"

मी घरी जाऊन खरं कडं क्षिप्राच्या हातात चढवलं आणि खोटं पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. फास दोरा गुंडाळून घट्ट केला. आता काढून दाखवा म्हटलं. कुणाला म्हटलं ते माहीत नाही.

५

तीन आठवड्यांनी एकतीस नंबर दिवाळे गावच्या एका लग्नाला गेला. रविवारी मी दुकानात होते आणि क्षिप्रा काकींकडे. संध्याकाळी आणायला गेले तर ती त्यांच्या पलंगावर झोपलेली.

"दुपारपासून झोपलेली हाय," काकी म्हणाल्या. "साडेबाराला जी पडली ती आता. दोन वेला हालवली, उठलीच नाय. आनि कवरी हलकी हाय गो ही. उचलली तं माझ्या हातालाच कललं नाय. खायला घालतेस का नाय?"

"खाते की काकी. दोन पोळ्या खाते."

"मंग जातात कुठं?"

मी उचलली तर तिचं वजन नेहमीचंच होतं. काकींचं वय झालं, असं मनात म्हटलं. जिन्यात तिने डोळे उघडले.

"मम्मी, नवरीने लाडू दिला."

"कुठल्या नवरीने?"

"नवरीने," ती म्हणाली, आणि मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारतेय असं बघितलं.

घरी आल्यावर तिचे हात धुतले. नखांच्या आत पिवळं होतं. काकींच्या घरी रविवारी कालवण असतं, त्यात हळद असते. मी ब्रशने नखं घासली. कड्याचा वास घेतला. वास नव्हता. दोरा होता तसा होता. मी जेवले, झोपलेही.

सोमवारी डबा आला. अकरा नग फडक्यावर मांडले. मखमलीच्या शिवणीत काहीतरी टोचलं. लहानशी बाळी, एका कानाची. दातांनी तुटेल एवढी बारीक तार.

मी दुकान सोडून निघाले. आपाने मागून हाक मारली, तरी थांबले नाही. काकींच्या दारात चप्पलसुद्धा काढली नाही. क्षिप्रा डाळीच्या दाण्यांशी खेळत होती. तिच्या दोन्ही कानांत बाळ्या होत्या. कान टोचले तेव्हा सोनाराने पकडीने तार पिळून बसवल्या होत्या. त्या काढायच्या तर कापाव्या लागतात. मी त्या कधी काढल्या नव्हत्या.

उजवी बाळी पिवळीधमक होती. डाव्या बाळीखालचा कान हिरवट झाला होता. पितळेने होतो तसा.

पीळ जसाच्या तसा होता. मी नख घालून बघितला. कुणी बदलली असती तर पीळ उलगडावा लागला असता. कुणीच उलगडला नव्हता.

६

आपाची एक पद्धत आहे. पार्टीने नवरीचा सेट घातलेला एक फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा. ती तो दुकानाच्या पानावर टाकते, त्यावरून पुढची गिऱ्हाइकं येतात. मी आपाचा मोबाइल मागितला आणि एकतीस नंबरचे दोन्ही फोटो काढले.

पहिला त्या पहिल्या लग्नाचा. ओटी भरतानाचा. आमच्याकडे लग्न लागलं की नवरीची ओटी भरताना तिच्या मांडीवर एखादं मूल बसवतात. घरचं, शेजारचं, हाताशी असेल ते. दोन मिनिटं बसवतात, हातावर काहीतरी गोड ठेवतात आणि उतरवतात. ते मूल कुणाचं होतं हे नंतर कुणाला आठवतही नाही.

नवरीच्या मांडीवर एक मुलगी होती. पाठमोरी. दोन शेंड्या. जांभळा फ्रॉक.

दुसरा फोटो दिवाळे गावचा. वेगळी नवरी, वेगळा हॉल, दागिने तेच. मांडीवर मुलगी, पाठमोरी. दोन शेंड्या. जांभळा फ्रॉक.

मी फोटो मोठा केला. फ्रॉकची मागची नाडी तुटली होती तेव्हा घरात जांभळा दोरा नव्हता. मी पांढऱ्याने शिवली होती. फोटोत पांढरे टाके दिसत होते. सात टाके. मी सातच घातले होते.

त्याच वेळी ती काकींच्या पलंगावर झोपलेली होती. काकी समोर बसून टीव्ही बघत होत्या.

मग मला समजलं, किंवा समजल्यासारखं वाटलं. संध्याकाळी बायका नवरीच्या अंगावरचं उतरवतात तेव्हा मांडीवर बसलेल्या मुलाच्या अंगावरचंही उतरवतात. हाताला लागेल ते त्याच डब्यात टाकतात. डबा आमच्याकडे येतो, आणि पोर घरी येते. जे डब्यात राहिलं त्याच्या जागी दुसरं काहीतरी लावून घरी येते.

"आपा," मी म्हटलं, "एकतीस नंबर आता देऊ नका कुणाला."

आपा माझ्याकडे बघत राहिली. "तू आज असं पळालीस काय, आता असं बोलतेस काय. तब्येत ठीक आहे ना?"

"माझी ठीक आहे. तो सेट देऊ नका."

"पुढच्या रविवारचा बेलापूरचा आहे. तारीख लागलीय, नवरीने स्वतः बसून पसंत केलाय. शनिवारी न्यायला येतील. लग्नाच्या तोंडावर नाही म्हणू का मी?"

"कुठला हॉल?"

आपाने सांगितलं. का विचारतेस, ते विचारलं नाही.

७

रविवारी पहाटेच उठून मी क्षिप्राच्या अंगावरचं सगळं काढलं. कडं काढलं. दोन्ही बाळ्या नेलकटरने कापून काढल्या. ती रडली, मग चॉकलेट घेऊन गप्प झाली. अंगावर घेण्यासारखं काही राहिलंच नाही, तर काय घेणार, असा माझा हिशेब होता.

घरी तिला धरून बसता आलं असतं. प्रसादला सुट्टी होती, तोही बसला असता. पण घरी बसले असते तर माझ्या हातात काय राहतंय तेवढंच कळलं असतं. तिकडे काय जातंय, ते कळलं नसतं. मला ते जाऊ द्यायचं नव्हतं. प्रसादला सांगितलं, दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या लग्नाला जाऊन येते.

"हिला कशाला नेतेस उन्हात?"

"नेते," मी म्हटलं.

उलव्याहून बेलापूरची बस मिळाली. क्षिप्रा खिडकीशी बसून खाडीतल्या बगळ्यांना मोजत होती. एक, दोन, चार, सात. बारा वाजता मोजत होती, सव्वाबाराला मोजत होती. मी तिला बोलतं ठेवलं. बगळा कसा चालतो, काकींची मांजर कुठे झोपते, चिपरी कोण म्हणतं. बेलापुरात उतरलो तेव्हाही ती टक्क जागी होती, आणि तिला कडेवर घेऊन हॉलकडे चालताना माझ्या मनात आलं की तिच्या अंगावर आता घ्यायला काहीच नाही. म्हणजे फक्त तीच आहे.

मी रस्त्यात उभी राहिले. मागे फिरावं असं पायांना वाटलं. घड्याळात साडेबारा झाले, आणि क्षिप्राने बोलता बोलता माझ्या खांद्यावर मान टाकली.

"चिपरे. ए चिपरे."

ती झोपली होती. हॉल वरच्या मजल्यावर होता. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिचं वजन तिचंच होतं. तीन वर्षांची पोर, साडेबारा किलो. रोज उचलते मी, मला ते पाठ आहे. चौथ्या पायरीवर ते कमी झालं. मी तिला सावरून धरलं. आठव्या पायरीवर माझ्या हातात फ्रॉक होता, फ्रॉकमध्ये पोर होती, तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता, आणि वजन चोकरएवढं होतं. वरून सगळं बरोबर. फक्त वजन नाही.

मी थांबले नाही. थांबले असते तर तिला तिथेच जिन्यावर ठेवून दिलं असतं, अशी मला भीती वाटली.

वर बायकांची गर्दी. तांदूळ, अत्तर, जेवणाचा वास. मला कुणी ओळखत नव्हतं. लग्नात अनोळखी बाईला कुणी विचारत नाही.

"या या, बाळाला घेऊन या," पैठणी नेसलेली एक बाई म्हणाली. "ओटी चाललीय, मांडीवर द्यायला पोरगी पाहिजेच होती."

"अगं, दिलीय की आधीच," दुसरी म्हणाली. "ती काय बसलीय."

स्टेजवर नवरी बसली होती. गळ्यात आमचं चोकर, हातात आमचे तोडे. दिव्याखाली ते इतके खरे दिसत होते की मला पहिल्यांदा त्यांचा राग आला. तिच्या मांडीवर पाठमोरी मुलगी होती. जांभळा फ्रॉक, पांढरे टाके. माझ्या खांद्यावर होता तोच फ्रॉक. तिच्या तळहातावर कुणीतरी पेढा ठेवला होता आणि ती तो बोटाने दाबून बघत होती. क्षिप्रा खायच्या आधी प्रत्येक गोष्ट दाबून बघते.

मी चपला घालूनच स्टेजवर चढले. फोटोवाला "ताई, फ्रेममध्ये" असं काहीतरी म्हणाला. मी डावा हात मुलीच्या काखेत घातला आणि तिला उचललं.

वजन आलं. पूर्ण. माझा खांदा खाली गेला.

तिने माझ्या डाव्या मानेत तोंड खुपसलं. पेढ्याचा वास आला. तिचं तोंड मी बघितलं नाही. उजव्या खांद्यावरचं तोंडही बघितलं नाही. मानेच्या दोन्ही बाजूंना श्वास लागत होता, आणि दोन्ही उबदार होते.

नवरी वर बघत होती. वीस-बावीस वर्षांची असेल. घाबरलेली नव्हती, नुसती गोंधळली होती.

"ही तुमची आहे का ताई?"

"हो."

तिने माझ्या उजव्या खांद्याकडे बघितलं. "मग ती?"

मला वेगळं काढता येतं. आयुष्यात मला तेवढंच नीट येतं. हलकी ती नवरीच्या मांडीवर ठेवायची, जड ती घेऊन जिना उतरायचा. पुढच्या सोमवारी डबा उघडायचा आणि त्यात काय निघतंय ते बघायचं. उजव्या खांद्यावर ती झोपेत किंचित हलली आणि तिच्या बोटांनी माझी वेणी पकडली. क्षिप्रा झोपेत माझी वेणी पकडते. हिला तिचं सगळं माहीत होतं. तिने काय केलं होतं? मी सकाळी बाळ्या कापल्या, कान दुखवले, सोबत आणलं. आली ती माझ्याबरोबर.

"तीपण माझीच," मी म्हटलं आणि दोघींना घेऊन खाली उतरले. कुणी अडवलं नाही. मागे बायका कुठल्या तरी नातेवाइकाला हाक मारत होत्या, ओटीसाठी दुसरं मूल बघा म्हणून.

८

सोमवारी एकतीस नंबरचा डबा आला. अकरा नग. शिवणी उलट्या करून बघितल्या. जास्तीचं काही नव्हतं. "सुटलीस ना," आपा म्हणाली, आणि मी मान हलवली. तो सेट तिने मोडीत काढला. मोडायला मी सांगितलं नव्हतं.

घरातली कडी, बाळ्या, खरं आणि खोटं, सगळं एका पुरचुंडीत बांधून मी आईकडे दहिवडीला पाठवून दिलं. आता अंगावर कुणाच्याच काही नाही. दगड दुकानातच असतो, मी तो घरी आणत नाही. कुणी रडली की उचलते, पण उचलताना दुसरीकडे बघते, काहीतरी बोलत राहते, म्हणजे हाताकडे लक्ष जात नाही. हाक मारली की एक लगेच येते. एक जरा थांबून येते. रोज तीच थांबते असं नाही, ते मी बघून ठेवलंय, आणि आता बघायचं सोडलंय.

काकी परवा म्हणाल्या, "पोर आता बरी भरलेली हाय." प्रसाद म्हणतो, ही हल्ली किती खाते, डबल राशन लागतं. कधी जेवता जेवता तो बोलायचा थांबतो आणि दाराकडे बघतो. मग माझ्याकडे बघतो. मी त्याला आमटी वाढते. एके दिवशी तो विचारेल. तेव्हा मी सांगेन, दोन्ही तुमच्याच आहेत. तेवढं मी ठरवलंय, त्यापुढचं अजून ठरलेलं नाही.

काल बालवाडीत नाव घालायला गेले. बाई टेबलाशी बसून फॉर्म वाटत होत्या. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला.

"दोन द्या," मी म्हटलं.

"जुळ्या आहेत का?"

"हो."

"दाखले आणलेत?"

"एकीचा आणलाय. दुसरा काढायचा आहे. काय काय लागतं ते सांगा, मी करते सगळं."

"असं कसं, जन्माची नोंद एकदमच होते ना," म्हणत त्या हसल्या आणि मुलींना बघायला टेबलावरून वाकल्या. मी दोन्ही हात अंगाशी घट्ट धरून उभी होते. दोन्ही मुठींत लहान हात होते, आणि दोन्ही घामेजलेले.

बाईंनी माझ्या एका बाजूला बघितलं. मग दुसऱ्या बाजूला बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांचं हसू उतरलं. नजर न हलवता त्यांनी खणात हात घातला, चाचपून दुसरा फॉर्म काढला आणि टेबलावर माझ्या दिशेने सरकवला.